तलवारीचे मोल आणि घोड्याचा पगार



मी जन्मभर मराठी भाषा आणि वाङ्मय शिकवले. इतिहास हा माझ्या आवडीच्या वाचनाचा विषय; अध्यापनाचा कधीच नव्हता. तेव्हा आजच्या विषयात मी शब्दाच्या दारानेच शिरावे, हे बरे. तो शब्द आहे 'शिलेदार'. महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या वसलेल्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांत हा शब्द केवळ कोशातला राहिलेला नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर या ठिकाणी आलेल्या कित्येक घराण्यांचा मूळपुरुष कोणा सरदाराच्या पथकात शिलेदार म्हणून आला, असे घरोघर सांगतात; आणि सांगताना हात बहुधा भिंतीवर टांगलेल्या, नाहीतर देवघराच्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या तलवारीकडे जातो. खंडेनवमीला तिला गंधफूल वाहिले जाते. अशा वेळी एखादे धीट मूल विचारते, "आजोबा, ही केवढ्याला घेतली असेल हो?" आजोबा सांगतात, "अरे, अमोल आहे ती!" आणि प्रश्न तिथेच मिटतो.

मला त्या मुलाचा प्रश्न फार चांगला वाटतो. ज्या वस्तूवर एखाद्या माणसाची रोजी आणि जीव दोन्ही अवलंबून होती, ती वस्तू त्याला किती दिवसांच्या मिळकतीत पडत असे, हे विचारण्यात इतिहासाचा अवमान नाही. उलट, त्या माणसाचे जिणे समजून घेण्याचा तो एक सरळ मार्ग आहे. आज मी त्याच मार्गाने आपल्याला थोडे अंतर घेऊन जाणार आहे.

प्रथम शब्दाची फोड करू. अरबीत 'सिलाह' म्हणजे शस्त्र. त्याला फारसी 'दार' लागून 'सिलाहदार' झाला आणि मराठी तोंडात त्याचा 'शिलेदार' झाला. शस्त्रागाराला आपण 'शिलेखाना' म्हणत होतो, तेही याच कुळातले. म्हणजे शब्दार्थाने शिलेदार हा शस्त्रधारी. ऐकणाऱ्याचा समज साहजिकच असा होतो की या माणसाचे भांडवल त्याची शस्त्रे, आणि त्यांतही तलवार, हेच असले पाहिजे. हा समज कितपत टिकतो ते पाहण्यासाठी आकडे हवेत, आणि आकड्यांसाठी आपल्याला मराठेशाहीच्या थोडे आधी, अकबराच्या दरबारात जावे लागेल. कारण शस्त्रांच्या किमती आणि शिपायांचे पगार एकाच ग्रंथात, एकाच नाण्यात, एकाच काळात लिहून ठेवणारा अबुल फज्लसारखा टिपणकार आपल्याकडे दुसरा झाला नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या त्याच्या 'आईन-इ-अकबरी'त स्वयंपाकघरातल्या भाज्यांपासून हत्तींच्या चाऱ्यापर्यंत सारे दर आहेत. ब्लॉखमनने १८७३ मध्ये त्याच्या पहिल्या खंडाचे इंग्रजी भाषांतर पुरे केले, तेव्हापासून तो खजिना सर्वांना खुला आहे.

बादशाही शिलेखान्याच्या प्रकरणात शस्त्रांची नावे आणि प्रत्येकापुढे किमान व कमाल किंमत अशी यादीच दिलेली आहे. त्यांतली पहिली नोंद समशेरीची, म्हणजे किंचित बाकदार तलवारीची. तिची किंमत अर्ध्या रुपयापासून पंधरा मोहरांपर्यंत. दुसरी नोंद खांड्याची, म्हणजे सरळ पात्याच्या तलवारीची: एक रुपयापासून दहा मोहरांपर्यंत. धनुष्य पाव रुपयापासून तीन मोहरांपर्यंत आहे. साखळ्यांचे चिलखत, ज्याला तिथे 'जिरह' म्हटले आहे, ते पावणेदोन रुपयांपासून थेट शंभर मोहरांपर्यंत जाते.

आता हे पैसे त्या काळच्या माणसाच्या हातात ठेवून पाहू. रुपयाचे चाळीस दाम. चालू गोल मोहर नऊ रुपयांची. म्हणजे सर्वांत स्वस्त समशेर वीस दामांची आणि सर्वांत महाग एकशे पस्तीस रुपयांची, अर्थात पाच हजार चारशे दामांची. एकाच नावाच्या दोन वस्तूंत दोनशे सत्तर पटींचे अंतर! गहू तेव्हा मणाला बारा दाम होता, आणि अकबरी मण म्हणजे आजचे सुमारे पंचवीस किलो. तेव्हा स्वस्तातली तलवार म्हणजे चाळीस किलोंहून थोडे अधिक गहू.

पगारांकडे वळू. मनसबदारांच्या हाताखाली दिलेल्या पायदळातल्या साध्या तिरंदाजाला महिना शंभर ते एकशे वीस दाम मिळत. बादशाही बंदूकची असेल तर श्रेणीप्रमाणे एकशे दहापासून अडीचशे दामांपर्यंत. इतर पायदळाच्या चार श्रेणी होत्या: पाचशे, चारशे, तीनशे आणि दोनशे चाळीस दाम. बिनकसबी मजुराला दिवसाला दोन दाम. आता सर्वांत खालचा तिरंदाज घेतला तरी त्याची रोजची मिळकत तीन दामांच्या वर पडते. म्हणजे वीस दामांची तलवार ही त्याची सहा दिवसांची कमाई झाली. मजुराची दहा दिवसांची. अर्थात पोटाला चिमटा न काढता सहा दिवसांची सगळी कमाई कोणीच बाजूला टाकू शकत नाही, हे मान्य. तरीही दोन-चार महिन्यांच्या बचतीत बसणारी ही वस्तू आहे. तोच तिरंदाज पंधरा मोहरांच्या समशेरीकडे पाहू लागला, तर मात्र त्याला साडेचार वर्षे एक दामही न खर्चता नोकरी करावी लागली असती.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ही यादी बादशहाच्या कोठाराची आहे, बाजारपेठेची नव्हे. कोठारातली अर्ध्या रुपयाची तलवार खुद्द बादशहासाठी नसे, हे उघड आहे. त्याच्यासाठी तीस 'खासा' तलवारी वेगळ्या राखलेल्या असत, प्रत्येकीला नाव आणि दर्जा असे आणि त्यांतली एक रोज त्याच्या शयनगृहात पाठविली जाई, असे अबुल फज्ल सांगतो. यादीच्या खालच्या टोकाला असलेल्या तलवारी चाकरांसाठी असणार. पण म्हणूनच त्या आपल्या उपयोगाच्या आहेत.

आणखी एक मौजेची नोंद आहे. दरबारात 'शमशेरबाज' नावाचा एक वर्ग होता. एका हाताने लढणारे, काठीवर लढणारे, ढाल घेऊन वा ढालीविना लढणारे असे त्यांचे नाना प्रकार. तलवारीचे कसब हाच ज्यांचा धंदा, अशी ही माणसे. त्यांचा पगार ऐंशी दामांपासून सहाशे दामांपर्यंत. सहाशे दाम म्हणजे पंधरा रुपये. हा पंधराचा आकडा आपण लक्षात ठेवावा. थोड्या वेळाने तो पुन्हा भेटणार आहे.

एकाच शस्त्राच्या किमतीत एवढी तफावत का, याचे उत्तर धातूत, कारागिरीत आणि हौसेत मिळून आहे. साधी तलवार म्हणजे लोखंडाला पोलादी धारेची जोड, लाकडाचे म्यान, त्यावर कातडे, आणि लोखंडी मूठ. हे काम बऱ्यापैकी लोहाराच्या आवाक्यातले. उंची तलवार मात्र मुशीतल्या पोलादाची. हे पोलाद दक्षिणेत, विशेषतः तेलंगणात, तयार होई. हैदराबादेकडून आलेल्या श्रोत्यांना निजामाबादेजवळचे कोनासमुद्रम हे गाव ठाऊक असेल. तिथल्या भट्ट्यांचे पोलाद घेण्यासाठी इराणचे व्यापारी येऊन राहत. एकोणिसाव्या शतकात हेन्री व्हॉइसी या इंग्रज संशोधकाने तिथे इस्फहानचा एक व्यापारी प्रत्यक्ष भेटल्याचे लिहून ठेवले आहे. सतराव्या शतकात थेवनो हा फ्रेंच प्रवासी त्याच भागातल्या इंदलवाईवरून गेला, तेव्हा तिथे तलवारी, खंजीर, भाले घडविले जात होते. मुशीतून निघणारी पोलादाची वडी लहान असते. ती फार तापवली तर ठोकताना फुटते आणि कमी तापवली तर चेंबतच नाही. कोळसा भरमसाट लागतो आणि घडणाऱ्याचा हात पिढ्यांचा असावा लागतो. त्यावर मुठीचे सोन्याचे कोफ्तकाम चढले की किंमत कुठल्या कुठे जाते. पण त्या वाढीव किमतीतला मोठा भाग लढाईत उपयोगी पडत नाही. तो दरबारात उपयोगी पडतो.

पश्चिमेकडे तलवार आधी दुर्मिळ होती आणि मग स्वस्त झाली, ती वाटचाल एका दमात पाहून घेऊ. सातव्या शतकातल्या रिपुआरी फ्रँक लोकांच्या कायद्यात दंड वस्तुरूपाने फेडता यावा म्हणून वस्तूंचे दर ठरवून दिलेले आहेत. बैल दोन सॉलिडस, चांगला घोडा बारा, अंगत्राण बारा, शिरस्त्राण सहा, ढाल आणि भाला मिळून दोन. तलवार म्यानासह सात, आणि म्यानाविना तीन! पात्यापेक्षा म्यान महाग, असा हा हिशेब वाचून मी प्रथम चक्रावलो होतो. म्यानाबरोबर पट्टा आणि त्यावरचे धातुकाम येत असावे, असा त्याचा अर्थ मी लावतो. काही असो, म्यानासह तलवार म्हणजे साडेतीन बैल. शेतकऱ्याच्या घरातून ती सहज निघणारी वस्तू नव्हे. पुढे सात शतकांनी, चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये पायदळातल्या धनुर्धराला दिवसाला तीन पेन्स मिळत आणि हलकी तलवार सहा पेन्सांतही पडे. म्हणजे दोन दिवसांची मजुरी! मधल्या काळात पाणचक्कीवर चालणारे भाते आणि हातोडे आले, लोखंड मुबलक झाले. शिवाय तलवार काही धान्यासारखी खाऊन संपत नाही. बापाची मुलाकडे जाते, मेलेल्याची जिवंताकडे जाते, मोडली तर कट्यार होते. समाजात तलवारींचा साठा वाढतच राहतो आणि जुन्या तलवारीचे मोल उतरत राहते.

मग आपल्या शिलेदाराला शिलेदार करणारे भांडवल कोणते? श्रोतेहो, घोडे नेमके इथेच पेंड खाते. आणि या ठिकाणी ही म्हण अक्षरशः खरी आहे.

'आईन'मध्ये स्वाराचा पगार ठरविण्याची पद्धत पाहा. ज्या स्वाराजवळ इराकी घोडा आहे त्याला महिना तीस रुपये. 'मुजन्नस', म्हणजे संकरित जातीचा, असेल तर पंचवीस. तुर्की असेल तर वीस, याबू असेल तर अठरा, ताजी असेल तर पंधरा, आणि जंगला म्हणजे साधे देशी तट्टू असेल तर बारा. स्वार तोच, त्याच्या मनगटातले बळ तेच, कमरेची तलवारही तीच. पण खाली तट्टू आहे की इराकी, यावर पगार बारा की तीस हे ठरे. तलवार अर्ध्या रुपयाची आहे की पाच मोहरांची, यावरून पगाराची श्रेणी ठरलेली नाही. मघाचा पंधराचा आकडा आठवा. तलवारीचे कसब कमावून शमशेरबाज ज्या कमाल पगारापर्यंत पोचे, तेवढा पगार ताजी घोडा घेऊन आलेल्या स्वाराला पहिल्या दिवसापासून मिळे.

कारभाराची नजरही घोड्यावरच होती. अकबराने १५७३-७४ च्या सुमारास 'दाग' पद्धत जारी केली. घोड्याच्या अंगावर डाग द्यायचा आणि माणसाचा 'चेहरा', म्हणजे रूपवर्णन, लिहून ठेवायचे. चांगला घोडा दाखवून पगार घ्यायचा आणि मोहिमेवर तट्टू न्यायचे, ही लबाडी मोडण्यासाठी ही तजवीज होती. अहदी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खास स्वाराचा घोडा मेला तर त्याचे 'सकतनामा' नावाचे पत्रक होई, आणि पुढचा पगार त्याच्या आधाराने चाले. एका जनावराच्या मरणाचा एवढा कागदी संस्कार! फ्रेंच प्रवासी बर्निये १६६० च्या दशकात औरंगजेबाच्या राज्यात होता. एका घोड्याच्या स्वाराला तो किमान पंचवीस रुपये महिना सांगतो, आणि पायदळातल्या बंदूकवाल्यांना वीस, पंधरा, दहा. पाऊण शतकात आकडे चढले, तरी स्वार आणि प्यादा यांच्यामधली पायरी कायम राहिली.

आता मराठी मुलखात येऊ. शिवकालीन घोडदळाचे दोन भाग आपण शाळेतच पाठ केले आहेत. सरकारी पागेतला तो बारगीर, स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. 'बारगीर' या शब्दाची गंमत शिलेदाराहून अधिक आहे. फारसीत 'बार' म्हणजे ओझे आणि 'गीर' म्हणजे घेणारा. ओझे वाहणारे जनावर, म्हणजे घोडा, असाच त्याचा मूळ अर्थ. दुसऱ्याच्या घोड्यावर बसणाऱ्या स्वाराला आपल्याकडे घोड्याचेच नाव चिकटले! पुढे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात बंगालवर गेल्या, तेव्हा 'बारगीर'चे 'बर्गी' झाले आणि त्या नावाची दहशत बंगाली अंगाईगीतात जाऊन बसली. ही कीर्ती काही अभिमानाने मिरविण्याजोगी नव्हे, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात शिवाजी महाराजांच्या सैन्याचे पगार दिले आहेत. पायदळातल्या शिपायास महिना एक ते तीन होन, बारगिरास दोन ते पाच होन, शिलेदारास सहा ते बारा होन. होन हे सोन्याचे नाणे. साधारणतः साडेतीन रुपयांच्या घरातले धरू. मावळे आणि हेटकरी यांनी आपापली शस्त्रे आपणच आणायची आणि दारूगोळा सरकारने द्यायचा, असा पायदळाचा रिवाजही तो नोंदवितो. यातला अर्थ आपण बारकाईने पाहिला पाहिजे. महिना एक होन मिळविणारा, सैन्यातला सर्वांत गरीब शिपाई घरून तलवार घेऊन येत होता. म्हणजे तलवार घरून आणणे हे शिलेदाराचे वैशिष्ट्य होऊच शकत नाही. शब्दाने जरी तो शस्त्रधारी असला, तरी शस्त्रे प्याद्याजवळही स्वतःचीच होती. बारगिराच्या दोन-पाच होनांत आणि शिलेदाराच्या सहा-बारा होनांत जे चार ते सात होनांचे अंतर पडते, ते घोड्याच्या दाणावैरणीचे, खरारा-नालबंदीचे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घोडा मेला तर येणाऱ्या तोट्याचे आहे. शब्दकोशातल्या 'सिलाह' या व्युत्पत्तीवर थांबलो, तर हे आपल्या हाती लागत नाही.

कृष्णाजी अनंत सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस लिहिली गेली. तीत या व्यवस्थेचे चित्र अधिक जिवंत आहे. पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. तलवारीला धार लावणारा शिकलगार या मांडणीत नाही, पाणी आणणारा आणि नाल ठोकणारा आहे. (शिकलगार हा शब्दही अरबी 'सैकल', म्हणजे झिलई, यावरून आलेला.) जुमलेदारास सालीना पाचशे होन आणि पालखी, हजारीस हजार होन, पंचहजारीस दोन हजार. शिलेदारांना सभासद स्वतंत्र सोडत नाही. ते पागेच्या हुकमतीखाली राहावेत, म्हणजे बंड करण्याइतके बळ कोणाच्याच हाती राहत नाही, हे त्यामागचे धोरण तो स्पष्ट सांगतो. स्वतःचे भांडवल घेऊन चाकरीस येणारा माणूस राज्यकर्त्याला हवाही असतो आणि त्याचे भयही वाटते. हे भय घोडा बाळगणाऱ्याचे आहे. तलवार तर प्रत्येकापाशी होती.

महाराजांचे १६७० च्या दशकातले, चिपळूणकडच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेले पत्र आपणांपैकी बहुतेकांनी वाचले असेल. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या त्यातल्या ताकिदीसाठी ते प्रसिद्ध आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या ताकिदीचे मूळ कारण काय होते? पावसाळ्यापुरता साठविलेला दाणा आणि गवत आताच उधळले, तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग शिपाई रयतेवर पडेल, ही चिंता. वैरणीला आग लागू नये म्हणून चिलमीची, स्वयंपाकाच्या चुलीची, रात्रीच्या दिव्याच्या वातीचीही त्या पत्रात काळजी आहे. राज्यकर्त्याचा जीव कशात अडकला होता, हे त्यावरून दिसते.

मग थोर तलवारींचे काय? त्याही होत्याच. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज आणि इतर युरोपीयांच्या गलबतांतून सरळ, लांब, लवचीक पाती येत. त्यांना आपल्याकडची मूठ बसविली की झाली 'फिरंग'. फिरंग्यांची म्हणून फिरंग, इतके ते नाव सरळ आहे. सावंतवाडीच्या सावंतांकडून अशी एक फिरंग महाराजांना मिळाली आणि त्यांनी तिच्यासाठी तीनशे होन दिले, ही परंपरागत कथा सर्वश्रुत आहे. कथेचा ऐतिहासिक निवाडा मी करीत नाही. आपण फक्त तो आकडा मोजून पाहू. महिना दोन होन मिळविणाऱ्या प्याद्याला तीनशे होन म्हणजे साडेबारा वर्षांचा पगार. जुमलेदाराला सात महिन्यांचा. पंचहजारीला दोन महिन्यांच्याही आतला. अशी तलवार सैन्याच्या हत्यारांत मोडत नाही. ती नजराण्याच्या, मानाच्या, राजकारणाच्या वस्तूंत मोडते. दिलेल्या तीनशे होनांत पोलादाची किंमत किती आणि सावंतांशी जडलेल्या स्नेहाची किती, हे वेगळे काढता येणार नाही.

आता या साऱ्याचा परिणाम रणांगणावर कसा होई, ते पाहू. विल्यम आयर्विनने मोगली सैन्यावरच्या १९०३ च्या ग्रंथात एक मर्म नोंदविले आहे. ज्याचा घोडा स्वतःचा, त्याचा घोडा पडला की तो माणूस उजाड झाला. तेव्हा असा स्वार शत्रूच्या फळीवर बेधडक घोडा घालायला कचरतो. यात भित्रेपणा शोधणे अन्यायाचे आहे. हातातली तलवार मोडली तर शिलेदाराची आठवड्याची, फार तर महिन्याची मिळकत जाई, आणि रणात दुसरी उचलूनही घेता येई. घोडा पडला तर त्याचा दर्जा, पगार आणि कदाचित सावकाराकडे गहाण पडलेले वतन, असे सगळेच एका गोळीसरशी जाई. मराठ्यांच्या गनिमी काव्याची कारणे आपण भूगोलात शोधतो, धोरणात शोधतो. शिलेदाराच्या खतावणीतही त्यांतले एखादे सापडेल, असे मला वाटते. घोडा जपणारी युद्धपद्धती घोड्याच्या मालकांना पटकन मानवणारच.

पानिपतावर १७६० च्या नोव्हेंबरपासून १७६१ च्या जानेवारीपर्यंत भाऊसाहेबांची फौज कोंडली गेली. त्या दोन-अडीच महिन्यांत दाणावैरण तुटली आणि जनावरे छावणीत पटापट मेली. लढाईच्या दिवशी जे लढले त्यांत घोडा गमावून पायउतार झालेले स्वार पुष्कळ होते. तलवार त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या हाती होती.

तलवार किती सर्वसामान्य वस्तू होती, याचा सर्वांत बोलका पुरावा मात्र शस्त्रे हिरावून घेतली गेली तेव्हाचा आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी १८५८-५९ मध्ये अवध प्रांत निःशस्त्र केला. तेव्हा एकट्या त्या प्रांतातून जमा झालेल्या तलवारींची गणती साडेपाच लाखांच्या वर गेली. १८६९ च्या खानेसुमारीत अवधची लोकसंख्या सुमारे एक कोटी बारा लाख भरली. म्हणजे बायकामुले धरून दर वीस माणसांमागे एक तलवार सरकारजमा झाली. ज्या लपविल्या, पुरल्या, विहिरीत टाकल्या त्या वेगळ्याच. एवढे घोडेस्वार अवधात कधीच नव्हते. ही तलवार शेतकऱ्याच्या, पहारेकऱ्याच्या, वाटसरूच्या घरातली होती.

मराठेशाही १८१८ मध्ये बुडाली, पण 'शिलेदार' शब्द बुडाला नाही. इंग्रजांनी तो उचलून आपल्या हिंदी घोडदळात कायम केला. पेशव्यांशी झालेल्या १८१७ च्या तहान्वये उभारलेला पुण्याचा रिसाला, जो पुढे 'पूना हॉर्स' म्हणून नावाजला, तो याच पद्धतीचा. भरती होणारा जवान एक ठरावीक रक्कम भरी, किंवा घोडा घेऊन येई. सरकार फक्त बंदूक आणि दारूगोळा देई. घोडा, खोगीर, कपडे आणि तलवार त्याने आपल्या पगारातून सांभाळायची. पलटणीतल्या अशा एका जागेला 'असामी' म्हणत. आज आपण 'बडी असामी' म्हणतो तो शब्द हाच. असामीला किंमत असे आणि तिचा व्यवहार होई. ती किंमत ठरविताना घोड्याचा वाटाच सर्वांत मोठा असे. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीस मद्रासकडचे तीन रिसाले सोडले, तर हिंदी घोडदळ सगळे शिलेदारी पद्धतीचेच होते. पण त्या युद्धात घोडी इतक्या झपाट्याने मरू लागली की गावोगावच्या शेतकरी-शिपायांच्या खिशातून त्यांची भरपाई होणे अशक्य झाले. युद्ध संपल्यावर लवकरच, १९२०-२१ च्या सुमारास, सरकारने ही पद्धत मोडीत काढली आणि घोडा सरकारी झाला. शब्दाच्या जुन्या अर्थाने पाहिले, तर त्या दिवसापासून हिंदुस्थानच्या घोडदळातले सगळे शिलेदार बारगीर झाले.